सोळावं पान

माझी बायको जाऊन चार महिने झाले होते, तेव्हा वकीलबाई घरी आल्या आणि म्हणाल्या, "काका, 'दमणूक' पुन्हा छापायचं ठरलंय. प्रुफं तुम्ही तपासायची."

"माझे डोळे आता कामाचे राहिले नाहीत," मी म्हणालो.

"डोळे आमचे घ्या. पण तुमच्या हाताखालून गेल्याशिवाय पुस्तक छापायचं नाही, असं सगळ्यांनी ठरवलंय."

मी हो म्हणालो. नाही म्हणायला जो जोर लागतो तो अंगात नव्हता. त्या चार महिन्यांत मी बऱ्याच गोष्टींना असाच हो म्हणत आलो होतो. शोकसभेला हो, तिचे कपडे देऊन टाकायला हो, मुलीने आणलेल्या नव्या उशीला हो. उशी अजून पिशवीतच आहे.

'दमणूक' ही माझ्या बायकोने सेहेचाळीस वर्षांपूर्वी लिहिलेली सोळा पानांची पुस्तिका. तेव्हा ती दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीत बसायची. खिडकीपुढच्या बाईला विचारायची, काय होतंय? दहातल्या सहा जणी म्हणायच्या, काही नाही, दमल्यासारखं होतं. डॉक्टर टॉनिक लिहून द्यायचे आणि दोन महिन्यांनी तीच बाई पुन्हा खिडकीपुढे. माझी बायको या बायकांशी बोलत राहिली आणि तिने लिहिलं की ही दमणूक हातापायांत नसते, कानांत असते. काम संपतं, पण बाई सुटत नाही. कोणीतरी हाक मारेल म्हणून तिचे कान कामावरच असतात. झोपेतसुद्धा.

मी छापखान्यात कंपोझिटर होतो. शिशाचे खिळे एकेक उचलून ओळ जुळवायची, ते काम. आमच्या लग्नाला तेव्हा दोन वर्षं झाली होती. मालकाला विचारून मी सुट्टीच्या दिवशी ती पुस्तिका जुळवली, छापली, घरी आणली.

या एका गोष्टीवर मी आयुष्यभर मान मिळवला. कुठेही कार्यक्रम असला की कोणीतरी मला पुढे ओढायचं. 'बायकोचं पुस्तक स्वतःच्या हाताने जुळवणारा नवरा!' टाळ्या. एकदा एका बाईंनी भर सभेत आपल्या नवऱ्याला कोपराने ढोसलं, "बघा, शिका काहीतरी." तो बिचारा माझ्याकडे असा बघत होता, जशी काही मी त्याची सायकल चोरली होती. माझी बायको अशा वेळी खाली मान घालून हसायची. घरी आल्यावर म्हणायची, "उलटी अक्षरं भराभरा वाचतोस, समोरचं सुलटं मात्र दिसत नाही तुला." खिळ्यावरचं अक्षर उलटं असतं. मला वाटायचं, ही तिची नेहमीची थट्टा.

आता घरात मी एकटा. चहा करता येतो, कपड्यांचं मशीन लावता येतं, औषधं डबीत वारानुसार भरता येतात. पण चष्मा सापडेनासा झाला की तोंडातून 'अगं' निघतं. निघालेलं 'अगं' परत गिळता येत नाही. मग मी उठून चष्मा शोधतो. बहुतेक वेळा तो कपाळावरच असतो.

पुढच्या रविवारी जेवणाच्या टेबलाभोवती तिघी बसल्या. वकीलबाई, माझी मुलगी आणि नर्सबाई. वकीलबाई आता विसावा चालवतात. विसावा म्हणजे माझ्या बायकोने किराणा दुकानाच्या माडीवर सुरू केलेली खोली. दुपारी दोन ते चार कोणत्याही बाईने यावं, चटई टाकून पडावं, नाहीतर भिंतीकडे बघत बसावं. भाषण नाही, शिवणकाम नाही. वकीलबाई पहिल्यांदा तिथे आल्या तेव्हा कॉलेजात होत्या आणि नुसत्या झोपायला यायच्या. आता अशा सहा खोल्या आहेत. माझी मुलगी शाळेत गणित शिकवते. नर्सबाई ही माझ्या बायकोची दवाखान्यातली मैत्रीण, वय अठ्ठ्याहत्तर, जीभ अजून पंचविशीतली.

"चहा कोणी केला?" नर्सबाईंनी कप नाकाशी धरून विचारलं.

"मी."

"तरीच. पत्तीचा डबा पाण्याला लांबूनच दाखवलेला दिसतोय."

"मावशी, पी गं मुकाट्याने," मुलगी म्हणाली.

"पितेय ना. भावोजींनी केलाय म्हणून पितेय. तुझ्या आईने असा दिला असता तर तिच्याच डोक्यावर ओतला असता."

हसलो सगळे. बऱ्याच दिवसांनी त्या टेबलावर कोणी हसलं.

वकीलबाईंनी पिशवीतून जुन्या प्रती काढल्या. पहिल्या छपाईच्या, पिवळ्या पडलेल्या, टाचण्या गंजलेल्या. ज्यांच्याकडे असतील त्यांनी आणून द्याव्यात असं त्यांनी विसाव्यात सांगितलं होतं. अकरा प्रती आल्या होत्या. त्यांनी प्रत्येक प्रत शेवटच्या पानावर उघडली आणि टेबलभर मांडली.

"आता गंमत बघा, काका."

सोळाव्या पानाच्या तळाशी, मोकळ्या जागेत, निळ्या शाईने, माझ्या बायकोच्या बारीक अक्षरात तीन वाक्यं होती. अकराही प्रतींत तीच. वर दुसऱ्या परिच्छेदात ती कुठे घालायची तिथे बाणाची खूण.

'माझा नवरा चांगला आहे, तो मला अडवत नाही. तो फक्त हाक मारतो. आणि हाक आली की मी उठते.'

माझ्या हातातला कप मी बशीत ठेवला. नीट ठेवला, आवाज झाला नाही.

"माझ्या प्रतीतसुद्धा आहे," नर्सबाई म्हणाल्या. "मी बदलीवरून सहा वर्षांनी परत आले तेव्हा दिली तिने. देता देता म्हणाली, थांब, एक राहिलंय. आणि उभ्या उभ्या लिहिलं."

"म्हणजे नंतरचंच," वकीलबाई म्हणाल्या. "छापलेल्या मजकुरात नाही, कुठल्या लेखात नाही. मी प्रस्तावनेत तसं लिहिलंय." त्यांनी कागद काढून वाचलं. 'दमणूक' लिहिताना ताईंचा रोख दारू पिणाऱ्या, मारझोड करणाऱ्या नवऱ्यांवर होता. पुढे विसाव्यातल्या अनुभवांमुळे त्यांची भूमिका कठोर होत गेली आणि स्वतःच्या संसाराबद्दलही मनात कडवटपणा आला असावा, असं या हस्ताक्षरातल्या वाक्यांवरून दिसतं.

"आई कडवट नव्हती," मुलगी म्हणाली.

"मी वाईट अर्थाने नाही म्हणत गं."

"कडवटचा चांगला अर्थ कुठला? मला विचारशील तर ती वाक्यं छापूच नका. छापलेलं पुस्तक तेच खरं. बाबा समोर बसलाय, जिवंत आहे. उद्या कोणीही विचारेल, काय हो, असं काय केलंत तुम्ही?"

"अगं, तिच्या हातचं आहे. वगळायचं कसं?"

"पान तरी बसतंय का मग?" नर्सबाईंनी विचारलं.

"दोन ओळी वाढतात. कॉम्प्युटरवाली मुलगी म्हणाली, ओळींमधलं अंतर किंचित कमी केलं की बसतं. दोन मिनिटांचं काम."

दोन मिनिटांचं. मी टेबलावरच्या अकरा पानांकडे बघत होतो.

"बाबा, तूच सांग," मुलगी म्हणाली. "ठेवायचं की काढायचं?"

मी 'काढा' म्हणालो असतो तर विषय तिथेच मिटला असता. माझं दुःख ताजं होतं, कोणी वाद घातला नसता. 'ठेवा' म्हणालो असतो तर मोठ्या मनाचा ठरलो असतो, आणखी एकदा. आणि दोन्हींत माझी बायको खोटी पडली असती. एकात तिने ते म्हटलंच नव्हतं, दुसऱ्यात पुढे कधीतरी चिडून म्हटलं होतं.

"दोन दिवस द्या मला," मी म्हणालो.

दोनाचे तीन झाले. बुधवारी दुपारी मी वकीलबाईंना गाठायला विसाव्यावर गेलो. दुकानाच्या बाजूने जिना आहे, अरुंद, सतरा पायऱ्या. वर पोचलो तेव्हा सव्वातीन वाजले होते आणि धाप लागली होती. दार उघडं होतं. पुरुषांनी उंबऱ्याच्या आत जायचं नाही, म्हणून मी बाहेर थांबलो. चपलांची रांग होती. त्यात एक जोड मुलीचा होता. डाव्या चपलेचा पट्टा मीच दोरा घालून शिवला होता, तो ओळखू आला.

आत वाकून पाहिलं. माझी मुलगी भिंतीकडे तोंड करून झोपली होती. पर्स उशाला. ती इथे येते हे मला माहीत नव्हतं. तिच्या घरी सगळं व्यवस्थित आहे. जावई शांत, स्वयंपाकही करतो. मला वाटायचं, तिला काय कमी आहे.

मी हाक मारायला तोंड उघडलं आणि दारावरची पाटी दिसली. ती मीच छापून दिली होती, मोठ्या लाकडी टायपात. 'इथे कोणीही कोणाला हाक मारायची नाही.' कोणाला काही सांगायचं असेल तर तिच्यासमोर जाऊन उभं राहायचं, ती डोळे उघडेपर्यंत. छापताना मी हसलो होतो. हा कसला नियम, म्हणालो होतो. माझी बायको म्हणाली होती, "असू दे. तू छाप."

मी जिन्याच्या वरच्या पायरीवर बसलो. पाऊण तास होता. चेहरा पाटीकडे नको म्हणून रस्त्याकडे तोंड करून बसलो, पण त्याने काही फरक पडला नाही.

तेव्हा छापखान्यात प्रूफ तपासायची पद्धत अशी होती की एकाने हस्तलिखित मोठ्याने वाचायचं, विरामचिन्हांसकट, आणि दुसऱ्याने प्रुफावर बोट ठेवून बघत जायचं. 'दमणूक'चं प्रूफ आम्ही दोघांनी तपासलं. सुट्टीचा दिवस, मशिनं बंद. ती वाचत होती, मी बघत होतो. सोळाव्या पानावर आली आणि त्याच आवाजात वाचत गेली. 'माझा नवरा चांगला आहे स्वल्पविराम तो मला अडवत नाही पूर्णविराम तो फक्त हाक मारतो पूर्णविराम.'

ती ओळ मीच जुळवली होती. पण जुळवताना माणूस अक्षरं उचलतो, अर्थ उचलत नाही. तिच्या तोंडून ऐकताना तो पहिल्यांदा आत शिरला. मी मान वर केली नाही. तिनेही केली नाही. मी म्हणालो, "पुढे." ती पुढे वाचू लागली.

ती मला सांगत होती. बोलून सांगितलं असतं तर मी वाद घातला असता, म्हणालो असतो की हाक मारणं म्हणजे काय गुन्हा आहे का. म्हणून तिने वाचून दाखवलं, आणि उत्तर द्यायला मला जागा ठेवली.

मी दिलेलं उत्तर असं. तिने अकराव्या पानावर थोडा मजकूर वाढवला होता, तो पुढे सरकत सरकत शेवटी दोन ओळी जास्त झाला. पुस्तिका सोळा पानांचा एक फर्मा होती, म्हणजे एकाच मोठ्या कागदावर सगळी पानं. सतरावं पान निघालं असतं तर नवा कागद लागला असता. "तू बघ कुठे बसवायचं ते," ती म्हणाली. "तुझ्या कामातलं तुला कळतं." आणि ती घरी गेली. मी ती तीन वाक्यं काढली. बरोबर दोन ओळी भरत होत्या. खिळे ज्याच्या त्याच्या खणात परत टाकले. हस्तलिखित काम झाल्यावर रद्दीत जायचं, तसंच गेलं.

छापलेले कागद घरी आणले, दोघं घड्या घालायला बसलो. तिने पहिल्या प्रतीचं शेवटचं पान उघडलं. बघत राहिली. मग म्हणाली, "पान छान बसलंय."

एवढंच. मला वाटलं, तिच्या लक्षात आलं नाही. खरं सांगायचं तर मला तसं वाटून घ्यायचं होतं.

ती वाक्यं नसल्यामुळे पुस्तिका सगळ्यांना सोयीची झाली. पुरुषसुद्धा कौतुक करायचे. प्रत्येकाला दुसरा कोणीतरी वाईट नवरा आठवायचा.

चार वाजता बायका चपला घालून उतरू लागल्या. मी भिंतीला चिकटून वाट दिली. मुलगी बाहेर आली आणि दचकली.

"बाबा? काय झालं? कधी आलास?"

"सव्वातीनला."

"मग हाक नाही का मारायचीस?"

मी पाटीकडे बोट केलं. ती हसली नाही. मागून वकीलबाई आल्या, केस बांधत. मी उठायला गेलो, पण गुडघे आखडले होते, म्हणून बसूनच बोललो.

"ती वाक्यं नंतरची नाहीत. पहिल्यापासून होती. हस्तलिखितात होती, प्रुफात होती. मी काढली."

"तुम्ही?" वकीलबाई म्हणाल्या.

"का?" मुलीने विचारलं.

"दोन ओळी जास्त होत होत्या."

ती गणित शिकवते. नुसत्या उत्तरावर मार्क देत नाही. "म्हणजे बसतच नव्हतं? दुसरं काहीच करता आलं नसतं?"

सेहेचाळीस वर्षं मी स्वतःला हेच सांगत आलो होतो की काही करता आलं नसतं.

"आलं असतं," मी म्हणालो. "ओळींच्या मध्ये शिशाच्या पातळ पट्ट्या घालतात. त्यातल्या काही काढल्या की पान आवळतं. अर्ध्या तासाचं काम. मी रोज करायचो."

"मग?"

"मग काय. बसत होतं. मला ते लोकांनी वाचायला नको होतं."

ती माझ्या खालच्या पायरीवर येऊन बसली, पाठ माझ्याकडे. वकीलबाई दाराला टेकून उभ्या होत्या.

"मी लहान होते तेव्हा आई टेबलावर गठ्ठा घेऊन काहीतरी लिहीत बसायची," मुलगी म्हणाली. "एकामागून एक. मला वाटायचं, सही करतेय. तू हाक मारलीस की गठ्ठ्यावर टॉवेल टाकायची आणि उठायची. परत येऊन टॉवेल काढायची. मला वाटायचं, धूळ बसू नये म्हणून."

तिने मान माझ्याकडे वळवली.

"एक हजार छापल्या होत्या ना?"

"हो."

"मला राग आलाय तुझा, बाबा."

"येऊ दे."

"आज मी घरी येणार नाही. डबा पाठवते."

"डबा नको. करतो मी काहीतरी."

ती चपला न घालताच चार पायऱ्या उतरली, परत वर आली, चपला घातल्या आणि गेली. वकीलबाई म्हणाल्या, "काका, ही नवी आवृत्ती आम्ही तुम्हाला अर्पण केली होती. पहिल्याच पानावर."

"ते काढा. तेवढंच पान वाचेल."

"आणि त्या वाक्यांखाली टीप द्यावी लागेल. तिथे काय लिहायचं?"

"मी लिहून देतो."

टीप लिहायला मला सहा दिवस लागले. पहिल्या खेपेला त्यात कागदाची टंचाई आली. दुसऱ्या खेपेला मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होतो हे आलं. तिसऱ्या खेपेला माझं तिच्यावर किती प्रेम होतं ते आलं, अर्धं पान. कागद फाडून टाकले. चौथ्या खेपेला जे उरलं ते वकीलबाईंना फोनवर सांगितलं. त्यांनी प्रस्तावनेतला कडवटपणाचा परिच्छेद काढून टाकला, आणि मला म्हणाल्या की आता त्यांना पूर्ण पुस्तिका पुन्हा वाचावी लागतेय, कारण ती भलत्याच कोणाबद्दल आहे असं इतकी वर्षं वाटत होतं.

मुलगी दहा दिवसांनी आली, शनिवारी दुपारी, हातात प्रुफं घेऊन. "वकीलबाईंनी दिलीत. सोमवारी परत हवीत," म्हणाली. कसा आहेस, जेवलास का, काही नाही. टेबलाशी बसली आणि वाचायला लागली. लहानपणी मी तिला शिकवलं होतं तसं, विरामचिन्हांसकट. मी जुन्या प्रतीवर भिंग धरून ओळीमागून ओळ सरकत होतो. दोनदा थांबलो, एकदा पाण्यासाठी, एकदा माझे डोळे चुरचुरले म्हणून. तिचा आवाज तिच्या आईसारखा नाही, जाड आहे. पण वाक्याच्या शेवटी तीही तशीच खाली येते.

सोळाव्या पानावर ती त्याच आवाजात वाचत गेली. "माझा नवरा चांगला आहे स्वल्पविराम तो मला अडवत नाही पूर्णविराम तो फक्त हाक मारतो पूर्णविराम आणि हाक आली की मी उठते."

थांबली. माझं भिंग तळाच्या निळ्या शाईवर होतं.

"पूर्णविराम," मी म्हणालो.

"पूर्णविराम," ती म्हणाली. मग खालची टीप वाचली. "ही तीन वाक्यं मूळ हस्तलिखितात होती पूर्णविराम पहिल्या छपाईच्या वेळी ती मी काढली पूर्णविराम जागा होती पूर्णविराम कंपोझिटर स्वल्पविराम लेखिकेचा नवरा."

या वेळी मी मान वर केली. ती माझ्याकडेच बघत होती. डोळ्यांखाली काळं झालं होतं. शाळेच्या परीक्षांचे दिवस होते, शाळेतून निघून थेट इकडे आली होती.

"पड जरा," मी म्हणालो.

"प्रुफांना टाचण्या लावायच्यात."

"मी लावतो."

ती कोचावर आडवी झाली आणि दोन मिनिटांत झोपली. मी प्रुफं क्रमाने लावली. टाचण्यांची डबी जागेवर नव्हती. कुठे ठेवलीय ते तिला माहीत असणार, आईचं सगळं सामान तिनेच आवरलं होतं. तोंडापर्यंत आलेली हाक मी तिथेच ठेवली आणि एकेक खण उघडत गेलो. डबी चौथ्या खणात सापडली.